एका फुटापासून

यंत्राने टिक् केलं आणि सुरेखाबाईंच्या हॉलची भिंत दहा फुटांची झाली. क्षणापूर्वीपर्यंत ती अकरा फुटांची होती. एकोणीस वर्षं ती अकरा फुटांचीच होती, कारण मी तसं लिहून दिलं होतं, आणि या कोल्हापुरात मी लिहून दिलेल्या आकड्याखाली बोट घालून बघायची पद्धत नाही. रक्षिताने, म्हणजे घेणाऱ्या पार्टीने आणलेल्या त्या इंजिनियर पोरीने, यंत्र पुन्हा भिंतीला टेकवलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका थरथरला, स्थिर झाला, पुन्हा टिक् झालं. "तीन मीटर सहा सेंटिमीटर," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे दहा फूट अर्धा इंच, सर." माझा जुना कागद तिच्या दुसऱ्या हातात होता. माझं अक्षर मला इतक्या लांबूनही वाचता येत होतं. अकरा फूट अर्धा इंच. रुंदीपुढे तसं, लांबीपुढे पंधरा फूट, खाली गुणाकार, त्याखाली 'मोजणार' आणि त्यापुढे माझी सही, गुरुपाद पट्टणशेट्टी, शेवटच्या अक्षराखाली ओढलेली सरळ रेघ. अर्धा इंच जिथल्या तिथे होता. एवढ्या वर्षांत रंगाचे चार हात बसले असतील त्या भिंतीवर, तरी अर्धा इंच शाबूत, आणि अख्खा फूट तेवढा कुठेच नव्हता. आता खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला त्या अर्ध्या इंचाचा अभिमान वाटला. माणूस असाच असतो, निदान मी तरी असाच आहे.

सुरेखाबाई स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. भांड्याचा आवाज येत होता. बाई शाळेतून निवृत्त झाल्या त्याला सहा वर्षं झाली, नवरा गेला त्याला आठ. आता घर विकून त्या मुलीकडे निघाल्या होत्या आणि उद्या व्यवहाराचे कागद व्हायचे होते. काल त्यांचा मला फोन आला. "अण्णा, घेणाऱ्यांची इंजिनियर येणार हाय मोजायला. मी म्हटलं, गुरुपादअण्णांचा कागद हाय की माझ्याजवळ, परत काय मोजायचं? पण ती नवीन पोरं, त्यांना यंत्र लागतंय. तुमी नुसतं येऊन हुभं राहा." म्हणून मी नुसता उभा राहायला आलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून, सवयीने टेप पिशवीत टाकून, चौसष्टाव्या वर्षी तीन मजले न थांबता चढून. दारात रक्षिता पाया पडली. म्हणाली, आमचे सर कॉलेजात तुमचं नाव घ्यायचे, पट्टणशेट्टींचा कागद म्हणजे पुन्हा टेप लावायची गरज नाही म्हणायचे. मी "असू दे, असू दे" म्हणालो, पण ऐकताना बरं वाटत होतं हे नाकारत नाही. स्तुती आवडत नाही असं म्हणणारा माणूस एकतर साधू असतो नाहीतर लबाड, आणि मी दोन्ही नाही.

ही पोरगी आत्ता जिथे उभी आहे तिथे मी किती हॉलमध्ये उभा राहिलो असेन, त्याचा हिशेब मला नाही. त्या काळात बिल्डर लोक जिना, गच्ची, पार्किंग, भिंतींची जाडी, सगळं एकत्र मळून त्याला एक भारदस्त इंग्रजी नाव द्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे. साडेआठशे म्हणून घेतलेल्या घरात माणूस राहायला गेला की साडेपाचशे भरायचे. मी मोजायचो ते पाय ठेवता येईल तेवढंच. भिंतीच्या आतल्या अंगापासून भिंतीच्या आतल्या अंगापर्यंत, खांब आला की खांब वजा, खिडकीचा कट्टा वजा. एका बिल्डरने एकदा माझा कागद बघून विचारलं होतं, "पट्टणशेट्टी, तुमी आमच्यावर जळता काय ओ?" मी म्हटलं, "मालक, मी कशाला जळू? जागाच तेवढी हाय." ते उत्तर गावभर झालं. पुढे कायदाही आतल्या मापाचाच आला. पेपरात ते वाचलं त्या दिवशी मी शिवम्माला, माझ्या बायकोला, म्हणालो की सरकार वीस वर्षांनी का होईना माझ्यापाशी आलं. ती म्हणाली, "सरकारला सांगा, पायताण भाईर काढून ये." ती तिकडची, संकेश्वरकडची, तिच्या बोलण्यात आधीच मिरची आणि वर कानडी ठसका. पण त्या संध्याकाळी तिने न सांगता पुरणपोळी केली होती.

माझे गुरू गणपतराव. जमीन मोजणीच्या सरकारी नोकरीत त्यांनी हाडं झिजवली आणि निवृत्त झाल्यावर खासगी मोजणी करताना मला हाताखाली घेतलं. तेव्हा टेप आला होता, तरी ते साखळीच वापरायचे. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, ती चौरसाला चारी बाजूंनी लावली की एक गुंठा. चंदगडच्या डोंगरात, पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांतून, अंगावर इरलं घेऊन आम्ही ती ओढत फिरलो आहोत. जळवा पोटऱ्यांना लागायच्या आणि गणपतराव म्हणायचे, आधी आकडा सांग, जळू मागनं काढ. साखळीची त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. ती वापरून वापरून लांबते. कड्या एकमेकींना घासून झिजतात, प्रत्येक कडीत केसाएवढी फट वाढते, आणि वर्षभरात तेहतीस फुटांची साखळी दोन बोटं जास्त होते. मोजणाऱ्याला कळत नाही, कारण तो साखळीवर विश्वास ठेवतो. म्हणून त्यांच्या घरासमोरच्या फरशीत त्यांनी तेहतीस फुटांवर दोन खिळे ठोकले होते आणि रोज सकाळी आंघोळ झाली की साखळी त्या खिळ्यांना लावून बघायचे, मगच घराबाहेर पडायचे. देवपूजेला त्यांनी एखादवेळी दांडी मारली असेल, खिळ्यांना नाही. माझ्या दारातही दोन पितळी खिळे आहेत, दहा फुटांवर. आज सकाळीही मी टेप लावून आलो होतो. टेप बरोबर होता.

"सर," रक्षिता म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता, स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये इतका. "तेव्हा तुम्ही प्लास्टरच्या आधी मोजलं असेल ना? प्लास्टर, मग भिंतीवर टाइल्सचा पट्टा, मापात फरक पडतोच. मी रिपोर्टमध्ये 'जुन्या नोंदीनुसार' असं टाकते आणि पुढे जाते. पार्टी काही विचारणार नाही. तुमचं नाव बघितलं की कुणीच विचारत नाही." पोरगी भली होती. माझ्यासाठी तिने दार उघडून धरलं होतं, फक्त मान वाकवून आत शिरायचं होतं. प्लास्टर दोन्ही बाजूंनी मिळून फार तर इंचभर खातं, दीड इंच खातं, फूट खात नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. शिवाय मी मोजलं तेव्हा प्लास्टर झालेलं होतं, ओल्या चुन्याचा वास मला आजही आठवतो. मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही, आणि भिंतीकडे बघत राहिलो. भिंतीला लागून एक शोकेस होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सागवानी, जुन्या हाताचं सुबक काम. आत स्टीलची भांडी, मुलीच्या बक्षिसांचे कप, बाहुबलीच्या डोंगराचा फोटो. पाच खण होते. चार सारखे, आणि उजवीकडचा शेवटचा अरुंद, बाकीच्यांच्या निम्म्यापेक्षा थोडा मोठा. त्या खणाच्या काचेचं दार कडेला कापून पुन्हा बसवलेलं दिसत होतं. मी तो खण बघितला आणि मला तो फोन आठवला. एवढ्या वर्षांत तो मी पार विसरून गेलो होतो.

माझ्या दारातच बसलो होतो मी, पितळी खिळ्यांशेजारी. समोर तीन गिऱ्हाइकं. पलीकडून सुरेखाबाई बोलत होत्या, काकुळतीला आल्या होत्या. वास्तुशांत चार दिवसांवर. तुमच्या कागदावरनं सुताराला माप दिलं, अकरा फूट, त्याने कोडोलीला आपल्या कारखान्यात शोकेस बनवलं, टेम्पोतून आणलं, तिघांनी वर चढवलं, आणि आता ते बसत नाही. आकाराम सुतार म्हणतोय, बाई, भिंतच दहा फूट हाय, टेप लावून दाखवतोय. काय करू अण्णा? मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बाई, सुताराच्या टेपनं घर मोजत न्हाईत. त्याला म्हणावं, टेप बदल." समोरची तिघंही हसली. मीही हसलो. फोन ठेवल्यावर एकजण म्हणाला, "अण्णांचा काय नाद करायचा न्हाई." मी त्या घरी गेलो नाही, पुन्हा टेप लावला नाही. दहा मिनिटांची वाट होती. मला जायची गरज वाटली नाही, कारण माझा कागद होता तिथे. पुढे केव्हातरी बाजारात भेटल्यावर बाईंनी सांगितलं होतं की आकारामने तिथल्या तिथे शोकेस फूटभर कापून बसवून दिलं, तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्यांनी त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. माप चुकणारा सुतार म्हणून त्या सगळ्या इमारतीतच त्याचं नाव झालं. मी तेव्हा म्हणालो होतो, असंच पाहिजे.

पण फूट गेला कुठे? उभ्या उभ्या मी मागे जात होतो, अंधारात चप्पल चाचपडावी तसा. ते वर्ष तुटक्या टेपचं होतं. चंदगडच्या एसटीच्या दारात माझ्या टेपचं तोंड सापडलं, पितळी कडी आणि पुढचे सात-आठ इंच तुटून गेले. शहाण्या माणसाने नवीन टेप घेतला असता. मी घेतला नाही. सहा महिने मी त्याच टेपने मोजलं, एका फुटाच्या रेघेपासून. एक फुटाची रेघ भिंतीला टेकवायची, पलीकडे जो आकडा येईल त्यातून एक वजा करायचा. लोकांना मी सांगायचो, टेप तुटलाय, डोकं शाबूत हाय. रेघ भिंतीला मी धरायचो, पलीकडच्या टोकाला गडी आकडा मोठ्याने वाचायचा, मी ऐकायचो, एक वजा करायचो आणि लिहायचो. रोज, दिवसातून पन्नास वेळा. ऐकायचं, वजा करायचं, लिहायचं. हाताला इतकी सवय झाली होती की घरात कुणी म्हणालं सात वाजले तर मी मनात सहा म्हणायचो.

आणि त्या दिवशी गडी चहाला गेला होता. शिवम्मा डबा घेऊन आली होती, जोंधळ्याची भाकरी आणि झुणका. मी म्हटलं, तोवर एवढी एक भिंत होऊ दे, तू पलीकडं जाऊन वाच. तिने टेप डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाली, "मला ते बारीक दिसत न्हाई, चष्मा घरी ऱ्हायला. तुमीच वाचा, मी धरतो." तिकडच्या बायका बोलताना धरतो, करतो असंच म्हणतात. आम्ही टोकं बदलली. तिने रेघ भिंतीला टेकवली, मी पलीकडे वाकून वाचलं, बारा फूट असतं तरी तेवढंच सहज वाचलं असतं, होते अकरा आणि अर्धा इंच. मी वाचलं आणि लिहिलं. कानाने ऐकलेल्यातून वजा करायची सवय होती, डोळ्याने वाचलेल्यातून नव्हती. जे दिसतं ते लिहायचं हे मला गणपतरावांनी शिकवलेलं होतं, आणि मी तेच केलं. गडी आला, टोकं पुन्हा बदलली, लांबी त्याने वाचली, मी एक वजा करून पंधरा लिहिली. मग आम्ही झुणका-भाकर खाल्ली. शिवम्मा खुशीत होती. परतताना म्हणाली, आज मीपण मोजणीदार झालो.

एक क्षणभर, आणि हे सांगायला मला जड जातंय, मी मनात म्हणालो, टेप तिने धरला होता. रेघ पुढेमागे सरकली असेल. बायकांचा हात तो. हा विचार माझ्या डोक्यात कुणी बाहेरून आणून ठेवला नाही, माझ्याच घरचा होता. पण लगेच तिचा अंगठा डोळ्यांपुढे आला. भिंतीवर दाबून दाबून नख पांढरं पडलेला, रेघेवर अगदी तंतोतंत. मी वाकलो, वाचलं, सरळ झालो तरी तिने तो काढला नव्हता, मी "झालं" म्हणेपर्यंत. तो अर्धा इंच आला कुठून? तिच्या अंगठ्यातूनच आला. तिने बरोबर धरलं होतं, टेप बरोबर होता, भिंत बरोबर होती, आकाराम बरोबर होता. त्या खोलीत चुकीची गोष्ट एकच होती आणि तिला लोक अण्णा म्हणत होते. मला राग आला. शरमेपेक्षा राग जास्त आला. माझा कागद आणि चुकीचा? माझ्या सहीखाली खोटा फूट उभा राहतो, एकोणीस वर्षं भाडं न देता राहतो, आणि मी इथे इस्त्रीचा शर्ट घालून 'जुन्या नोंदीनुसार' म्हणू देतो? खोटं झाकण्याची वेळ आली की लोकांना भीती वाटते म्हणतात. मला भीती नाही वाटली. मला ते माझ्या दर्जाचं वाटलं नाही.

"प्लास्टर झालं होतं," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला, आम्हा कोल्हापूरकरांना हळू बोलता येत नाही. "प्लास्टर-बिस्टर काय न्हाई. चूक माझी हाय. भिंत दहा फूट अर्धा इंच." सुरेखाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, तुटका टेप, एका फुटाची रेघ, न वजा केलेला एक. सांगताना मी वही उघडून दाखवावी तसं सांगत होतो, काही न गाळता, शिवम्माने बरोबर धरलं होतं तेही. म्हणालो, पंधरा चौरस फूट कमी भरणार, त्याचं जे काय होईल ते मी भरून देतो. बाईंनी ट्रे टीपॉयवर ठेवला. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, शोकेसकडे बघत होत्या, त्या अरुंद खणाकडे.

"म्हणजे आकाराम खरं बोलत हुता," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"अण्णा, त्यानं माझ्यासमोर टेप लावला हुता ओ. ह्या डोळ्यांनी मी दहाचा आकडा बघितला. आणि तरी मी त्याला म्हटलं, तुझा टेप खोटा. का, तर तुमी म्हटलासा म्हणून." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "आयुष्यभर पोरांना शिकवलं, स्वतः बघा, मग लिहा. पंधरा फुटांचं काय घेऊन बसलाय, ते नंतर बघू. आधी त्याला फोन लावा. नंबर हाय माझ्याजवळ. पुसून टाकावा असं वाटलं न्हाई, लावावा असं धाडस झालं न्हाई."

फोन मी लावला. पलीकडे रंधा मारायच्या यंत्राचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. "कोन बोलतंय पावणं?" आवाज म्हातारा झाला होता पण खणखणीत होता. मी नाव सांगितलं. मोजणीचा गुरुपाद. पलीकडे लांबवर कोंबडा आरवला. "बोला," तो म्हणाला. मी तोंडात जमवलेली सगळी वाक्यं विसरलो आणि नुसतं एवढंच म्हणालो, "राजारामपुरीतल्या सुरेखाबाईंच्या हॉलची भिंत दहा फूट हाय."

"दहा फूट अर्धा इंच," आकाराम म्हणाला. "मला म्हाईत हाय. मी मोजलीवती की."

रक्षिताने ते ऐकलं. फोनचा आवाज मोठा होता. तिने हातातल्या यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांपूर्वी एकदाच लावलेलं माप, कुठल्या वहीत नाही, कागदावर नाही, त्या माणसाने अर्ध्या इंचासकट डोक्यात सांभाळून ठेवलं होतं. का ठेवलं होतं ते मला कुणी सांगायला नको. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवलं असतं. मी म्हणालो, "आकाराम, माझी चूक झाली. मी त्या दिवशी यायला पाहिजे हुतं." तो म्हणाला, "आला असतासा तर दिसलं असतं. माफी-बिफी ऱ्हाऊ द्या, मी काय त्याच्यावर जेवत न्हाई. लिवून देता काय बोला." मी म्हणालो, "देतो. पूर्ण नाव सांगा." त्याने खडूने फळीवर रेघ ओढावी तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

मी पिशवीतून टेप काढला, या वेळी अखंड, कडीसकट. सगळ्या खोल्या पुन्हा मोजल्या. रक्षिताने पलीकडचं टोक धरलं, यंत्र तिने पर्समध्ये टाकलं होतं, मी न सांगता. ती वाचायची, मी ऐकायचो, मग तिच्याजवळ जाऊन स्वतः बघायचो, मगच लिहायचो. वेळ लागला. चहा गार झाला, तो बाईंनी पुन्हा गरम करून आणला. स्वयंपाकघर, दोन्ही झोपायच्या खोल्या, संडास-बाथरूम, बाल्कनी, सगळं जुन्या कागदाशी जुळलं, इंचाचाही फरक नाही. ते बघून छाती पुन्हा थोडी वर आली, ती मी येऊ दिली. हॉलच्या त्या एका भिंतीला मात्र मी टेप लावला नाही. सुरेखाबाईंनी कोरा कागद दिला, शाळेतला, समास आखलेला. मी वरून खाली सगळं लिहीत आलो, खोल्यांपुढे माझं नाव, आणि खाली एक ओळ, की आधीच्या कागदातली हॉलची रुंदी चुकीची होती, चूक माझी होती. मग हॉलच्या रुंदीपुढे दहा फूट अर्धा इंच लिहिलं, आणि शेजारी, 'मोजणार' या शब्दापुढे, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं: आकाराम ज्ञानू सुतार, कोडोली. आणि त्याखाली सरळ रेघ ओढली.